इन्क्लुडइफची अट जुळत नव्हती तेव्हा : माझा अनुभव

एकाच लॅपटॉपवर ऑफिसचं आणि स्वतःचं ओपन सोर्सचं काम करणाऱ्याला कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधलं इन्क्लुडइफ लागतंच. 2017 मध्ये गिट 2.13 सोबत ते आलं. होम फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) सांगायचं, की रेपो (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) अमुक फोल्डरखाली असेल तर ही दुसरी फाइलही वाच, आणि त्या फाइलमध्ये ऑफिसचा ईमेल ठेवायचा. मांडणी लगेच झाली.

मग ऑफिसच्या सर्व्हरने पुश (काम सर्व्हरवर चढवणं) नाकारला. कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) माझा घरचा ईमेल होता.

पाथ बरोबर होता. शेवटचा स्लॅश होता (तो हवाच, त्याने आतले सगळे फोल्डर धरले जातात). फाइल जागेवर होती. मी ऑफिसच्या फोल्डरमध्येच काम करत होतो, तरी अट जुळत नव्हती आणि गिट अक्षरही बोलत नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही. अट जुळली नाही तर गिट गप्प. जोडलेली फाइलच सापडली नाही तरी गप्प. अटीचा प्रकार त्या आवृत्तीला ठाऊक नसला तरी गप्प. एक ओळ इशारा दिला असता तर माझी अख्खी संध्याकाळ वाचली असती.

त्यात आणखी भर पडते ती तपासणीच्या कमांडची. गिट कॉन्फिगला --ग्लोबल लावून ईमेल विचारलात तर इन्क्लुड केलेल्या फाइल वाचल्याच जात नाहीत, त्यामुळे सगळं नीट असतानाही घरचाच ईमेल दिसतो. --ग्लोबल न लावता, रेपोत उभं राहून, --शो-ओरिजिन लावून विचारा. मग कुठली किंमत कुठल्या फाइलमधून आली ते कळतं.

खरं कारण मॅन्युअलमध्ये सापडलं. मी वापरलेली फोल्डरची अट, गिटडिर, तुम्ही कुठे उभे आहात ते बघत नाही, रेपोचा इतिहास ठेवणारा खरा .गिट फोल्डर कुठे आहे ते बघते. मी बेअर क्लोन (कामाच्या फाइल नसलेली, फक्त इतिहासाची प्रत) एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि कामाच्या वर्कट्री (त्याच रेपोच्या फाइल उघडून काम करायचे फोल्डर) ऑफिसच्या फोल्डरमध्ये काढतो. वर्कट्रीत .गिट नावाची फक्त एक छोटी फाइल असते, ती मूळ जागेकडे बोट दाखवते. अट त्या मूळ जागेशी ताडली जात होती. सबमोड्यूललाही (रेपोच्या आत ठेवलेल्या दुसऱ्या रेपोलाही) हेच लागू. गिट रेव्ह-पार्सला --अ‍ॅब्सोल्यूट-गिट-डिर देऊन विचारा. जो पाथ छापला जाईल, तोच अटीत लिहायचा.

मी मात्र पाथचा नादच सोडला. गिट 2.36 पासून (एप्रिल 2022) हॅजकॉन्फिग ही अट आहे, ती रिमोटची (सर्व्हरवरच्या रेपोची) यूआरएल बघते. रेपो ऑफिसच्या सर्व्हरवरचा असेल तर ऑफिसचा ईमेल, मग तो डिस्कवर कुठेही असो. सर्व्हरशी जोडायला एसएसएच आणि एचटीटीपीएस या दोन्ही पद्धती वापरत असाल तर दोन वेगळे ब्लॉक लिहा, कारण दोन्हींच्या यूआरएलचा साचा वेगळा असतो. अशा अटीने जोडलेल्या फाइलमध्ये स्वतः रिमोटची यूआरएल लिहिता येत नाही.

हो, क्रमाचं राहिलं: इन्क्लुडइफ फाइलच्या तळाशी ठेवा. नंतर येणारी किंमत जिंकते. खाली युजरचा (नाव-ईमेलचा) ब्लॉक असला तर ऑफिसचा ईमेल पुसला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुख्य कॉन्फिगमधून ईमेल काढूनच टाका, आणि युजर.यूजकॉन्फिगओन्ली ट्रू करा. घरच्या कामालाही वेगळी अट लिहा. आता एकही अट जुळली नाही तर गिट ईमेलचा अंदाज बांधत नाही, कमिटच अडवतं आणि कारण सांगतं. ही मांडणी मला मनापासून आवडते, टीममधल्या प्रत्येकाला मी तीच करून दिली.

जुने कमिट यातून दुरुस्त होत नाहीत. शेवटच्या कमिटला --अमेंड आणि --रीसेट-ऑथर पुरतं, त्यामागच्यांसाठी रीबेस (कमिट पुन्हा नव्याने रचणं) करावा लागतो.