सुरगाठ

यंदाच्या सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीचा झेंडा फडकलाच नाही. म्हणजे फडकला, पण दहा मिनिटं उशिरा. दोरी ओढायचा मान अध्यक्षीणबाईंचा. त्यांनी एकदा ओढली, दोनदा ओढली, मग पदर खोचून ओढली. वर खांबाच्या टोकाला झेंड्याचं गाठोडं नुसतं डोलत राहिलं. पाकळ्या आत, आम्ही खाली. तेवढ्यात स्पीकरजवळच्या पोराला कुणीतरी मान हलवल्यासारखं वाटलं आणि त्याने राष्ट्रगीत सुरू केलं. मग काय, सगळे सावधान. पूर्ण बावन्न सेकंद आम्ही त्या गाठोड्याला मानवंदना दिली.

गाठ बांधली होती दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने. पोरगा कामाला वाघ. गणपतीत मांडव त्याचा, पंधरा ऑगस्टला जिलबी त्याची. "सुटू नये म्हणून घट्ट बांधली हो काकू," तो ओशाळून म्हणाला. घट्ट म्हणजे निरगाठ, वर आणखी एक निरगाठ.

शेवटी गाठोडं खाली उतरवलं. आमच्या बी विंगमधले सर पुढे आले. सर म्हणजे पीटीचे सर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांनी नखाने दोन्ही गाठी सोडवल्या, पाकळ्या रुमालात घेतल्या आणि झेंड्याची घडी नव्याने घातली. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली, मग दोन्ही बाजू आत, वर चक्र दिसलं पाहिजे. त्यात पाकळ्या ठेवल्या, दोरीचा एक पदर दुमडून फासात घातला आणि मुलाला दाखवला. "ही सुरगाठ. धरून ठेवते, पण ओढलं की सोडते." दुसऱ्यांदा बाईंनी नुसतं बोट लावल्यासारखं केलं आणि पाकळ्या थेट चहाच्या थर्मासवर.

सरांचं हे झेंड्याचं प्रकरण जुनं आहे. आमच्याकडे पंधरा ऑगस्टलाही झेंडा आधीच वर बांधून ठेवतात आणि सर दरवर्षी चिडतात. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा, कारण त्या दिवशी तो पहिल्यांदा वर गेला. सव्वीस जानेवारीला तो वरच असतो, फक्त उलगडायचा. दरवर्षी सगळे माना डोलावतात आणि दरवर्षी पाकळ्यांच्या मोहापायी तेच करतात.

तरी याच सरांचं नाव २०२२ साली यादीत आलं होतं. घरोघरी तिरंगा लावायचं ते वर्ष. पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा मिळत होता आणि आमच्या वाघाने सोसायटीसाठी गठ्ठाच आणला होता. तेरा तारखेला सकाळी त्याने खाली उभं राहून गॅलऱ्या मोजल्या आणि ग्रुपवर टाकलं: बी विंगमधल्या चार फ्लॅटवर अजून झेंडा नाही. खाली लाल रागाचे चेहरे. त्या चारांपैकी एक कुटुंब गावाला गेलं होतं, एका घरात बाळंतीण होती, एक फ्लॅट बंदच होता. चौथे सर.

मी भीत भीत विचारलं. सर म्हणाले, "सूर्य मावळायच्या आत उतरवायचा, ही हाताची सवय. गॅलरीच्या कठड्यावर स्टूल घेऊन रोज चढउतार करायला गुडघे नाहीत. आणि लावून विसरायचा म्हणजे…" त्या जुलैत नियम बदलला होता, घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येत होता. ते मी त्यांना सांगितलं. "नियम बदलला, माझी सवय नाही बदलली," असं म्हणून त्यांनी चहा पुढे केला. ग्रुपवर त्यांनी काही लिहिलं नाही. चौदा तारखेला तो मुलगा स्वतःच स्टूल घेऊन आला आणि त्यांच्या गॅलरीत झेंडा बांधून गेला. निरगाठ.

तेव्हापासून या दोघांकडे बघत मी दोन शब्द चघळते आहे: देश आणि राष्ट्र.

माझी आजी राजापूरकडची. लग्न होऊन कऱ्हाडला आली. जन्मभर म्हणायची, "मला देशावर दिली." तिच्या लेखी देश म्हणजे घाट चढून आलं की लागतो तो: भाताऐवजी भाकरी, नारळाऐवजी शेंगदाण्याचं कूट, आणि विहिरीला ऑक्टोबरपासूनच तळ. पहिली काही वर्षं तिने देशाला भरपूर नावं ठेवली. पुढे त्याच देशावर तिचा इतका जीव जडला की माहेरी गेली तरी चौथ्या दिवशी परतायची घाई. मराठीतला देश असा पायाखाली लागतो. राष्ट्र कुणाच्या चपलेला लागून घरात आल्याचं मी पाहिलेलं नाही. ते भाषणात येतं, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर येतं, नकाशात येतं.

आणि त्यांना जोडून येणारी शेपटं बघा. देशाला भक्ती, राष्ट्राला वाद. आता वाद म्हणजे इथे विचारसरणी, हे मलाही कळतं. समाजवादालाही तीच शेपटी आहे. पण मराठी माणसाच्या कानात वाद म्हटलं की भांडण वाजतंच, आणि वाद म्हटला की समोर प्रतिवादी लागतो. प्रतिवादी नसेल तर शोधावा लागतो. सीमेपलीकडे सापडला तर ठीक, नाही तर बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर. टिळकांच्या काळात काँग्रेसला मराठीत राष्ट्रीय सभा म्हणत, शाळाही राष्ट्रीय निघाल्या. तेव्हा इंग्रज समोर बसलेला होता, प्रतिवादी अगदी खरा होता, त्यामुळे त्या शब्दाशी माझं वाकडं नाही. तो उठून गेल्यावरही खटला चालूच ठेवायचा, तिथे माझी गाडी अडते.

भक्तीचं तसं नाही. किंवा निदान मराठीत तरी नाही. आपल्याकडची भक्ती मुळीच गरीब गाय नव्हे. जनाबाई विठोबाला विठ्या म्हणते, कारट्या म्हणते. तुकोबांनी तर माझ्या लेखी देव मेला इथवर मजल मारली. त्यावर विठोबाने "मग तिरुपतीला जा" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. ज्याच्यासाठी दळण दळायचं, ज्याच्यासाठी पायी चालायचं, त्याला चार शब्द सुनवायचा हक्क त्या दळण्यातच आला. माझी आजी देशाला नावं ठेवायची ती याच हक्काने.

विठोबावरून आठवलं. १९४७चा मे महिना. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलेलं. देशासाठी तुरुंगवास भोगलेले साने गुरुजी तेव्हा पंढरपुरात उपोषणाला बसले होते. मागणी इंग्रजांकडे नव्हतीच. विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तो द्या, एवढंच. त्याआधी काही महिने ते त्यासाठीच महाराष्ट्रभर हिंडले होते. १ मेला बसले, १० मेला उपोषण सुटलं. देश स्वतंत्र होणार म्हणून सगळीकडे धामधूम, आणि हा मऊ आवाजाचा, चटकन डोळ्यांत पाणी येणारा मास्तर आपल्याच माणसांसमोर उपाशी बसलेला. तेव्हा जर ग्रुप असते तर "हीच वेळ सापडली का?" हा निरोप पहिला आला असता. आगरकरांना तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली, तीही आपल्याच लोकांनी काढलेली. या माणसांना देशभक्त म्हणताना आपली जीभ आज अडखळत नाही. त्यांच्या शेजारी राहत असतो तर आपण कुठल्या यादीत त्यांची नावं टाकली असती, हा विचार मी शक्यतो करत नाही.

मी काही फार वरच्या पायरीवर उभी नाही. राष्ट्रगीतातल्या 'जय हे'च्या चढाला माझ्याही अंगावर काटा येतो, आणि क्रिकेटमध्ये समोर कोण आहे त्यावर माझी भाषा किती घसरते हे घरचे सांगतील. आपलं ते आपलं वाटणं आणि दुसऱ्याचं ते पाडावंसं वाटणं यांत एका षटकाचं अंतर असतं.

तर त्या सव्वीस जानेवारीची संध्याकाळ. झेंडा उतरवताना सरांच्या लक्षात आलं की सकाळच्या ओढाओढीत केशरी पट्ट्याचा कोपरा उसवलाय, टाकेच निघालेत. बाई म्हणाल्या, शिवून घेऊ. सर म्हणाले, फाटलेला परत चढवायचा नाही. मग काय करायचं? कचऱ्यात तर नाहीच. एकांतात, मानाने, शक्यतो जाळून नाहीसा करायचा, असं ध्वजसंहितेतच आहे. ते ऐकून मुलाचा चेहरा पडला. "जाळायचा? सर, कुणी बघितलं तर?"

रात्री साडेनऊला आम्ही तिघे गच्चीवर. सरांनी पत्र्याचं घमेलं आणलं होतं आणि कापूर. मुलाने गच्चीचा दिवा आपणहून मालवला. घडी पुन्हा तीच, वर चक्र. सरांनी चप्पल काढली म्हणून आम्हीही काढली. जानेवारीची फरशी, पाय गारठले.

झेंडा पॉलिएस्टरचा. २०२१च्या डिसेंबरात ते कापड चालायला लागलं. तो पेटला, पण खादीसारखी राख होईना. आक्रसत गेला, वितळून घमेल्याला चिकटायला लागला. धूर काळा. "खादी कशी शांत जाते," सर पुटपुटले आणि काठीने कडा आत सारत राहिले. मुलगा काही बोलत नव्हता. मग त्यानेच काठी घेतली.

"ते कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण अजून बसवलेलं नाही," सर एकदम म्हणाले. "चौथा अर्ज दिलाय. तू टायपिंग करतोस ना? पाचवा जरा कडक लिहून दे. मला कडक येत नाही."

"किती कडक?"

"बघ तू. पण नाव माझं घाल."

घमेल्यात सुपारीएवढा काळा गोळा उरला होता. तो गार होईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो, अनवाणी.