आठवी ‘ढ’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी शिडीवर होतो. हायवेवरच्या ढाब्याची पाटी रंगवत होतो, नेमकी ‘ढ’च्या पोटातली गाठ वळवत होतो. खालून पोरानं मोबाइलवरचं पत्र वाचून दाखवलं, ‘आपल्या शिक्षकांची एखादी आठवण लिहून पाठवा’, आणि मला हसूच फुटलं.

आठवी ड. टाकीशेजारचा वर्ग. मधल्या सुट्टीत दारावरचा ‘ड’ पुसून खडूनं ‘ढ’ लिहिणारा मीच. आज कबूल करतो. तेव्हा बोलणी मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी खाल्ली. पुढचा तास बाईंचा. मराठीच्या बाईंना आपल्या शाळेत आडनाव लागत नाही.

बाईंनी पाटी पाहिली, हजेरी न घेता फळ्याकडे वळल्या. अधिकाचं चिन्ह काढलं, “हा अशोकाच्या वेळचा क.” छपरासारखा ग. नुसतं वर्तुळ, तो ठ. मग एक आकडा, थेट आपल्या ढसारखा, फक्त डोक्यावर रेघ नाही. “सव्वादोन हजार वर्षांत क, ग कुठल्या कुठे गेले, हा जागचा हलला नाही. म्हणून पुढे न सरकणाऱ्याला ढ म्हणतात, असं सांगतात.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, ठ तरी कुठं बदललाय? नुसती दांडी लागली.”

वर्ग चिडीचूप. बाईंनी खडू खाली ठेवला. “अरे, खरंच की! मग ठला का नाही कुणी नावं ठेवत?” आणि तास रंगला. ढोर, ढेकूळ, ढिम्म, ढब्बू. ढचे शब्दच जड. शेवटी म्हणाल्या, “मला तर हे ‘मूढ’चं शेपूट वाटतं. पण मूढ आणि मुग्ध दोन्ही एकाच ‘मुह्’ धातूचे. तू त्यातला कोण, ते वार्षिकला बघू.”

मराठीत पास झालो. गणितात नाही. बाकीचे शिक्षकही चांगलेच होते, पण खरं सांगायचं तर मला बाईच आठवतात.

दुकान टाकलं तेव्हा पेढे घेऊन गेलो. म्हणाल्या, “ढ पुसला गेला, आता ‘ग’ची बाधा होऊ देऊ नकोस.” ती थोडी झालीच आहे. या महोत्सवाची कमान मी हातानं रंगवून दिली आहे, फ्लेक्स नाही. जाता-येता जरूर बघा.

हल्ली तुकड्यांना गुलाब, मोगरा अशी नावं आहेत म्हणे. आता ‘मोगरा’ पुसून पोरं लिहिणार तरी काय?