काळ्या मातीचा चिखल आणि दारातली खरवडपट्टी

सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा सप्टेंबरचा. रान सुकून वापसा यायच्या आत त्यात पाय घालावाच लागतो. डाळिंबाला फवारणी असते, उसाच्या पाण्याची पाळी असते, मोटर बंद पडलेली असते. बांधावरून घरापर्यंत येईतो गमबुटाला दोन-दोन बोटं जाडीचा थर चढलेला असतो. तो वस्तीच्या शहाबादी फरशीवर उतरला की खराट्यानं निघत नाही, पाण्यानं पसरतो, आणि वाळला की उलथण्यानं काढावा लागतो.

दारात बूट साफ करायचं साधन बनवताना बहुतेक जण ब्रशपासून सुरुवात करतात. आपल्या मातीला ते चालत नाही. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण पुष्कळ आणि तिचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि रबराला चिकटून बसते. अशा चिखलात ब्रश घातला की पहिल्या चार-सहा घासण्यांतच केसांच्या मुळाशी लगदा भरतो. मग तो ब्रश राहत नाही, चिखलाची वीट होते, आणि पुढच्या माणसाच्या बुटाला उलट चिखल लावते. म्हणून काळ्या रानात नव्वद टक्के काम लोखंडी पट्टीनं करायचं आणि ब्रश फक्त शेवटचा हात फिरवायला ठेवायचा. युरोपात जुन्या घरांच्या पायरीशी बिडाची नुसती एक आडवी पट्टी असायची, ब्रश नसायचाच. चिखलाला तेवढी पुरते.

आता हे साधन, म्हणजे सळ्यांची जाळी, तिच्यावर पट्टी आणि ब्रश, खाली ट्रे, बनवायचं कसं ते सांगतो. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात अर्ध्या दिवसाचं काम आहे. ७५० × ४५० मिलिमीटरची चौकट, ४० × ४० × ५ च्या अँगलची. चार कोपऱ्यांना ११० मिलिमीटरचे पाय. वर १२ मिलिमीटरच्या १९ सळ्या, ४४० मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे दोन सळ्यांत साधारण २५ मिलिमीटर फट राहते. फट यापेक्षा कमी ठेवली तर ओला चिखल खाली पडतच नाही, दोन सळ्यांमध्ये पूल बांधून बसतो. जास्त ठेवली तर साध्या चपलेची टाच अडकते. सळी साधी गुळगुळीत घ्या. बांधकामाची टॉर सळी दुकानात आयती पडलेली असते म्हणून तीच लावली जाते, पण तिच्या खाचांत माती धरते. सळ्या अँगलच्या वरच्या कडेशी एका पातळीत बसवा. खाली बसवल्या तर चौकटीच्या आत वाटी तयार होते आणि चिखल तिथंच साठतो.

खरवडपट्टी म्हणजे ४० × ६ ची लोखंडी चपटी पट्टी (फ्लॅट), २५० मिलिमीटर लांब, उभ्या कडेवर. दोन पायांवर अशी वेल्ड करायची की तिची वरची कड जाळीपासून १२० मिलिमीटर उंच येईल. यापेक्षा खाली घेतली तर सुटलेल्या चिखलाचा ढीग पट्टीला टेकतो, जास्त वर घेतली तर वयस्कर माणसाला पाय उचलणं जड जातं. वरची कड ग्राइंडरनं दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि कानशीनं तिची धार बोथट करा. धारदार कड चिखल छान काढते, पण सोलचे रबरी दातेही काढते. दोन्ही टोकांचे कोपरेही गोल करून घ्या, रात्री अंधारात नडगीला लागतात.

चौकट वेल्ड करताना आधी सपाट जागेवर सगळीकडे वेल्डचे छोटे टाके मारून घ्यायचे, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पूर्ण करायचे. एका बाजूनं ओढत नेलं की लोखंड तापून पीळ धरतं आणि चौकट चारही पायांवर टेकत नाही, डुगडुगते. पट्टीच्या पायांना मात्र नुसते टाके ठेवू नका, दोन्ही बाजूंनी भरून वेल्ड करा. सगळा जोर तिथंच येतो, आणि अर्धवट टाक्याच्या फटीत पाणी राहून तो पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच गंजून सुटतो.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते हात धरायच्या पाइपाकडे. माणूस ओल्या जाळीवर एका पायावर उभा राहून दुसरा पाय जोरानं ओढतो आहे, त्याला धरायला काही नसेल तर तो पडणारच. एक इंची पाइप, जाळीपासून ९०० ते १००० मिलिमीटर उंच, मागच्या कडेला मधोमध. पाइप ओढला की चौकट उचलते, म्हणून ती सिमेंट काँक्रीटच्या ओट्यात १० मिलिमीटरच्या चार अँकर बोल्टनी पक्की करा. शहाबादी फरशीत अँकर मारू नका. ती थराथरांची फरशी, बोल्ट आवळला की पापुद्रा सुटतो. फरशी असेलच तर तेवढा तुकडा काढून खाली काँक्रीट भरा.

ब्रश तीन लागतात: दोन बाजूंना, एक खाली. नायलॉनचे जाड केसाचे, फरशी घासायला मिळतात तसले. काथ्याचा ब्रश पाणी पितो, जड होतो आणि कुजतो. तारेचा ब्रश रबर ओरबाडतो. दोन बाजूंच्या केसांच्या टोकांत ८५ ते ९० मिलिमीटर अंतर ठेवा. गमबूट १०५ ते ११५ रुंद असतो, म्हणजे केस दोन्हीकडून सेंटिमीटरभर वाकून घासतात. खालचा ब्रश पत्र्यावर नको, दोन पट्ट्यांवर बसवा, म्हणजे माती खाली निघून जाईल. बाजूचे ब्रश सहा मिलिमीटरच्या बोल्टनी लांबट भोकात बसवायचे, म्हणजे बुटाच्या मापाप्रमाणे आत-बाहेर करता येतात. स्प्रिंग आणि बिजागरी लावून ब्रश आपोआप आवळणारी यंत्रं मिळतात. दुकानात ती झकास चालतात, पण काळा चिखल बिजागरीत शिरून वाळला की ती एका जागी थिजतात. लांबट भोकात बिघडण्यासारखं काहीच नसतं.

मोटरवर फिरणाऱ्या ब्रशांची यंत्रं कारखान्यात किंवा कोरड्या धुळीसाठी ठीक. ओल्या काळ्या मातीत ती चिखल उडवतात, आणि ओल्या बुटात उभ्या माणसाजवळ विजेची मोटर ठेवायची तर गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा ब्रेकर हवाच. वस्तीवर हा खटाटोप मला पटत नाही.

खाली १८ गेजच्या पत्र्याचा ट्रे, ७०० × ४०० × ८० मिलिमीटर, पुढून ओढून काढता येईल असा. तो काठोकाठ भरला तर ओली माती चाळीस किलोच्या घरात जाते, एकट्यानं निघत नाही. अर्धा भरला की रिकामा करा. ट्रेऐवजी खड्डा करून तो गटाराला जोडू नये. चिकणमाती पाइपाच्या वळणात बसते आणि नंतर बांबू घालूनही हलत नाही. सगळं मिळून लोखंड पंचवीस किलोच्या आसपास लागतं. दुकानदार बहुधा किलोवर मजुरी धरतो, त्यामुळे उगाच जाड माल घालू देऊ नका. रंगाआधी रेड ऑक्साइडचे दोन हात. पट्टीच्या कडेला रंग नको, तो आठवड्यात घासून जातो.

वापरायची रीत शिकवावी लागते, कारण प्रत्येक जण सवयीनं पाय आधी ब्रशात घालतो. सगळ्यांत जास्त चिखल टाचेच्या पुढच्या कोपऱ्यात असतो. म्हणून बुटाची कमान पट्टीवर ठेवायची आणि पाय पुढं रेटायचा, टाचेपुढचं ढेकूळ एकदम सुटतं. मग कमानीपासूनच पाय मागं ओढायचा, चवड्याखालचं निघतं. टाच वेगळी पट्टीवर ठेवून एकदा ओढायची. मग बूट तिरपा करून दोन्ही कडा. एवढं झाल्यावर ब्रशात पाच-सहा वेळा पुढं-मागं, आणि शेवटी जाळीवर पाय आपटायचा. पाणी वापरायचंच तर आत्ता, एक तांब्या पुरतो. आधीच पाणी टाकलं तर चिखल पातळ होऊन सोलच्या खाचांत शिरतो आणि बादली रिकामी झाली तरी निघत नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं हा फरक बारीक नाही.

जागा उंबऱ्याला चिकटून नको, तीन-चार पावलं अलीकडे हवी, मधली वाट खडीची किंवा फरशीची. वळचणीखाली नको, पागोळ्यांनी ट्रे पाण्यानं भरतो. दाराशी जुन्या सोलापुरी टॉवेलाचं पायपुसणं असू द्या, पण ते ओल टिपायला. चिखलाचं काम त्याच्यावर टाकलं की तेच धुवायला जड होऊन बसतं.

डाळिंबाच्या बागेच्या फाटकाशी हेच साधन बसवलं तर आणखी एक काम होतं. मर रोगाची बुरशी मातीत राहते आणि बुटाला, अवजारांना लागलेल्या मातीतून एका बागेतून दुसरीत जाते. फाटकाशी औषधाच्या पाण्याचं तसराळं ठेवून त्यात पाय बुडवायची पद्धत काही ठिकाणी आहे. पण हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंगचं पाणी मातीतल्या सेंद्रिय पदार्थात खर्ची पडतं. चिखलाचा बूट त्यात बुडवला तर औषध मातीलाच लागतं, बुरशीपर्यंत पोचत नाही. आधी पट्टी, मग ब्रश, मग औषध, हाच क्रम. ते पाणी गढूळ झालं की बदला, आणि तसराळं प्लास्टिकचं ठेवा, जाळीपासून दोन हात लांब. ब्लीचिंगचे शिंतोडे लोखंडाला खातात. फाटकावरच्या ट्रेमधली माती बागेत न टाकता बाहेर, पाणी बागेकडे वाहणार नाही अशा जागी टाकावी. घरच्या ट्रेमधली माती ज्या रानातून आली त्याच रानात परत गेली तर हरकत नाही.

देखभाल थोडी आहे. ब्रशातली माती ओली असताना काढायच्या भानगडीत पडू नका. उन्हात एक दिवस वाळू द्या, काळी माती आक्रसते, भेगा पडतात, आणि ब्रश दगडावर आपटला की खडे सुटतात. केस आडवे पडले की ब्रश उलटा फिरवून बसवा, नवीन घ्यायची घाई नको. बोल्टच्या आट्यांना पावसाळ्याआधी ग्रीस लावा, नाहीतर ऑक्टोबरात ते हॅक्सॉनं कापावे लागतात.