पिठाची विरी

स्टुटगार्टला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फोडणीत जिऱ्याऐवजी क्युमेल घातलं. दाणे जिऱ्यासारखेच बारीक, वाकडे. पण तेलात पडल्यावर जो वास सुटला, तो वरणाचा नव्हता, इथल्या बेकरीतल्या पावाचा होता. जिऱ्याला क्रॉयत्सक्युमेल म्हणतात हे दुसऱ्या दिवशी कळलं. वरण मात्र मुकाट्याने संपवलं. नवख्या देशात पहिला महिनाभर माणूस काही टाकून देत नाही.

आता रडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. रवा मिळतो. नवलकोल पाल्यासकट मिळतो (जर्मन माणूस तो कच्चाच कुरतडतो, ते एक असो). आणि क्वार्क म्हणजे तर आयता चक्का! फडक्यात दही बांधून रात्रभर नळाला टांगायला नको. साखर, वेलची, केशर घातलं की पाडव्याचं श्रीखंड तयार.

अडलं ते भाकरीवर.

आम्ही मंगळवेढ्याकडचे. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमचा नखरा आता सरकारमान्य आहे. इथल्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण पुडीवरची तारीख बघावी तर दळून पाच-सहा महिने झालेले. उकळतं पाणी घाला, तळहाताने कितीही मळा, थापायला घेतलं की कडेने भेगा. तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचा नकाशा होतो. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर तीन शब्दांत आलं: "विरी गेली पिठाची."

विरी म्हणजे पिठाचा एकसंध धरून राहण्याचा गुण. ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेनचा चिवटपणा नसतो. ताजं पीठ आणि गरम पाणी, एवढ्यावरच भाकरीचा सगळा तोल. म्हणून आमच्याकडे महिन्याचं पीठ कधी कुणी भरून ठेवलं नाही. आठवड्याला डबा गिरणीत. "गव्हावर टाकू नका हो, ज्वारीवरच टाका," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा म्हटलंय, की शाळेतली प्रार्थनासुद्धा तितकी नसेल. पट्ट्याचा धडधडाट, गिरणीवाल्याच्या पांढऱ्या भुवया, आणि परतताना पोटाशी धरलेला डबा. पीठ गरम असायचं. थंडीत तो डबा घरी पोचेपर्यंत कुणाला देऊ नये असं वाटायचं. दुकानात सगळं मिळतं म्हणतात, पण हा गरम डबा कुठल्या फळीवर शोधायचा?

तो सापडला खालच्या मजल्यावर. तिथल्या आजी दर शनिवारी घरी पाव भाजतात. हा सगळा भाग डिंकेलचा, म्हणजे गव्हाच्याच एका जुन्या भाऊबंदाचा, आणि ते त्या स्वतः दळतात. ओट्यावर लाकडी पेटीसारखी छोटी गिरणी, आत जात्यासारखे दोन दगड. मी भारतीय दुकानातून अख्ख्या ज्वारीची पुडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दाणे मुठीत घेऊन बघितले, एक चावलाही. मग आधी मूठभर ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढलं आणि मला समजावलं, डिंकेलचं उरलेलं आत असेल ना, ते निघून जाऊ दे.

मी काय बोलणार!

पीठ गरमच वर आणलं. भाकरी भेगाळली नाही. काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीला जाळ नाही, त्यामुळे फुगली जेमतेम अर्धी, पण पापुद्रा सुटला. एक आजींना नेऊन दिली. त्यांनी तिच्यावर क्वार्क पसरलं, वर मीठ आणि बारीक चिरलेली कांद्याच्या पातीसारखी एक भाजी भुरभुरली आणि तुकडे मोडून खाल्ली.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बरोबर आहे की. दही-कांदा-भाकरी. शेंगाची चटणी नाही का दिलीस त्यांना?"