स्वभावाला औषध असतं का?

"मॅडम, ह्याचा स्वभावच तापट. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, खरंय का?" समुपदेशनाला येणारी आई हे हमखास विचारते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

असं वाटणारे आपणच नाही. तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव गिलाव्यासारखा घट्ट होतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये लिहिलं होतं. फ्रॉइडने तर त्याची मुळं पहिल्या पाच-सहा वर्षांतच शोधली. पुढे बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ अशी पाच गुणांची मोजपट्टी रुळली. ती मीही वापरते. पण पट्टी सरासरी सांगते, आणि घरातलं भांडण सरासरीवर होत नाही.

इथे मला मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल जवळचा वाटतो. चाचणीत दिसलेला गुण आणि प्रत्यक्ष प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर १, काहीच नसेल तर ०) जेमतेम ०.३० असतो, हे त्याने १९६८ मध्ये दाखवलं आणि मोठी खळबळ उडाली. नंतर त्याने आणि त्याचा सहकारी युइची शोदाने अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका उन्हाळी शिबिरात मुलांच्या वागण्याच्या तासन् तास नोंदी जमवल्या. दोन मुलं एकूण सारखीच भांडखोर. पण एक बरोबरीच्यांनी चिडवलं की उसळायचा, दुसरा मोठ्यांनी दम दिला की. बेरीज एकच, स्वभाव मात्र वेगळे.

म्हणून मी वही देते. कधी चिडला, समोर कोण होतं, आधी काय झालं, एवढंच लिहायचं. एका नऊ वर्षांच्या मुलाची वही तीन आठवड्यांनी परत आली. अकरा नोंदी, त्यातल्या नऊ संध्याकाळच्या, गणिताचा गृहपाठ चालू आणि बाबा शेजारी बसलेले. आजीजवळ एकदाही नाही. आईने पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. गणित आजीच्या खोलीत हलवलं, तेव्हा पुढच्या तीन आठवड्यांत तीनच नोंदी झाल्या.

"आणि ह्याच्या बाबांचं?" हा प्रश्न लगेच येतोच. मोठी माणसंही बदलतात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपचारांवरचे २०७ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर स्वभावगुण सरकलेले दिसले, सर्वांत जास्त भावनिक स्थैर्य. म्हणून मोठं माणूस आलं, की पहिल्याच भेटीत मी सहा महिन्यांची तयारी ठेवायला सांगते.