लेझरचा लाल ठिपका

पिंपळगाव बसवंतच्या हॉलमध्ये दीडेकशे द्राक्ष बागायतदार बसलेले आणि पडद्यावर माझ्या लेझरचा लाल ठिपका नुसता नाचतोय. हाताची थरथर एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती, पडद्यावर मात्र ती वीतभर दिसत होती. विषय माझा रोजचा, देठ परीक्षण, म्हणजे पानाचा देठ तपासून वेलीला कोणतं अन्नद्रव्य कमी-जास्त पडतंय ते बघणं. नाशिकच्या प्रयोगशाळेत 7 वर्षं तेच करतेय. पण समोर एकही ओळखीचा चेहरा नाही म्हटल्यावर जीभ टाळूलाच चिकटली. 40 मिनिटांचं बोलणं 11 मिनिटांत उरकलं. मागून एक काका म्हणाले, "ताई, गाडी चुकतीय का?" सगळे हसले, मीही हसले. ओझर येईपर्यंत गाडीत रडत होते.

घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, लाळ आटते, हे सगळं मला तोंडपाठ होतं. उपयोग शून्य.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. बाबांबरोबर लहानपणापासून जाते, पण त्या वर्षी विषय सोडून मी वक्त्यांचे हात बघत बसले. एका नावाजलेल्या वक्त्यांनी पहिली पाच मिनिटं टेबलाची कड सोडली नाही, पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी उचलला. मला इतकं बरं वाटलं! (दुष्टपणा आहे, मान्य.)

मग रोज संध्याकाळी गच्चीवर मोठ्याने सराव. मनातल्या मनात वाचताना सगळं सुरळीत वाटतं, तोंडाने म्हटलं की दम कुठे तुटतो ते कळतं. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "कुणाशी भांडतेयस गं एवढी?" पाठ केली ती फक्त पहिली तीन वाक्यं. उभं राहण्याआधी श्वास घ्यायला लावला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावायचा, त्याने धडधड जरा उतरते. लेझर ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

पुढचं चर्चासत्र दिंडोरीला होतं. तासभर आधी पोचले आणि चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला गाव विचारलं, वाण विचारला. एक बाबा म्हणाले, "पाचवं पान घ्या म्हणता, पण मोजायचं कुठून? शेंड्याकडून का बुडाकडून?" माझी पाठ केलेली तीन वाक्यं तिथेच बाद झाली. शेजारच्या बागेतून विचारून एक काडी आणली आणि उभी राहिल्यावर म्हटलं, "आत्ता चहा पिताना हे बाबा विचारत होते..." खरड छाटणीनंतर (द्राक्षं काढून झाल्यावर, एप्रिलच्या सुमाराला करतात ती) साधारण 45 दिवसांनी नमुना घेताना पान बुडाकडून मोजायचं, पातं लगेच खुडून टाकायचं, देठ तेवढा ठेवायचा. बोलता बोलता मोजत होते, खुडत होते. हात कापत होता की नाही, आठवत नाही. काम करत होता. बाबा पहिल्या रांगेतून "बरोबर, बरोबर" म्हणत होते, जणू उत्तर त्यांनीच सांगितलं होतं.

आता निफाडला बोलायचंय. पोटात आत्तापासूनच गोळा आलाय. काडी कुणाच्या बागेतून घ्यायची ते मात्र फोन करून ठरवून ठेवलंय.