दुधाचा रतीब आणि सेल्फ

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले क्लास (म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींचा साचा) मला खरे कळले ते आई घालते त्या दुधाच्या रतिबावरून. 'ग्राहक' नावाचा क्लास केला (पायथन 3 मध्ये अशी देवनागरी नावं चालतात, मला फार आवडतं ते!) आणि त्यात वरच 'नोंदी' ही रिकामी लिस्ट ठेवली. शेजारच्या काकूंच्या नावावर दीड लिटर मांडलं, तर खालच्या काकांच्या खात्यातही तेच दीड लिटर! तासभर डोकं धरून बसले. मग उलगडलं: क्लासमध्ये थेट लिहिलेली लिस्ट एकच, सगळे ऑब्जेक्ट (म्हणजे त्या साच्यातून बनलेले एकेक ग्राहक) तिच्यातच भर घालतात. ती ओळ 'इनिट'मध्ये (`__init__`, प्रत्येक नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा भाग) नेऊन 'सेल्फ.नोंदी' केली, तशी प्रत्येकाची वही वेगळी झाली. सेल्फ म्हणजे 'ह्याच गिऱ्हाइकाची'. आता महिनाअखेरच्या बिलाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) लिहितेय. खाडे वजा करायचे राहिलेत.